एअर-कूल्ड इंजिनाची तापवाढ

रेडिएटर आणि पाणी न वापरता वाऱ्याच्या झोतावर थंड राहणारे इंजिन मर्यादेबाहेर तापणे, हा बिघाड आणि त्याचे निदान. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत या जातीचे इंजिन रिक्षाला दिसते. मोटारींमधले नावाजलेले उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल (उत्पादन १९३८ ते २००३).

या पट्ट्यातल्या जुन्या मेकॅनिकांचा हात बसला तो मात्र प्रीमियर पद्मिनीवर, म्हणजे पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीवर. पद्मिनी चढावर उकळली की बॉनेटमधून वाफ निघे, आणि काय झाले ते रस्त्यावरच्या पोरालाही कळे. एअर-कूल्ड इंजिन असा गाजावाजा करत नाही. साध्या बीटलच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटासुद्धा नसतो. तक्रार येते ती ‘पिकअप गेला’, ‘गाडी ओढत नाही’, ‘चावी काढली तरी इंजिन चालूच राहते’ अशा शब्दांत.

म्हणून निदानाची सुरुवात वाऱ्याच्या वाटेपासून करावी. बीटलमध्ये पंखा आणि जनरेटर एकाच दांड्यावर असतात आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो. ‘बॅटरी आहे, घरी पोचू’ म्हणणारा इथेच फसतो, कारण त्या क्षणी पंखाही थांबलेला असतो. पट्टा ठीक असेल तर पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरण उघडावे. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे उंदरांचे घरटे, चिंध्या, वाळका पाला सापडतो. शिवाय इंजिनाच्या कडेचे रबरी सील गळून पडलेले असतील, तर खालची तापलेली हवा वर येऊन पंखा तीच पुन्हा ओढतो. नवे सील स्वस्त असतात, तरी दुरुस्तीच्या यादीत ते शेवटी येतात, हे नवलच.

जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर या आवरणाच्या आतच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्याच्या वाटेत होता. तो सिलिंडर अधिक तापे, म्हणून काही डिस्ट्रिब्युटरमध्ये त्याची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा पडेल अशी सोय केलेली असे. १९७१च्या सुमारास कूलरची जागा बदलली. इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर आणि वेगळा फिल्टर नाही, तेव्हा तेल जुने झाले की तापमानही चढते.

वारा नीट असेल तर टायमिंग आणि मिश्रण पाहावे. ठिणगी फार आधी पडली किंवा पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तरी इंजिन तापते. प्लग काढून पाहिला की बरेच कळते: कॉफीसारखा तपकिरी रंग ठीक, पांढराफटक रंग धोक्याचा. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षात क्रँकचे ऑइल सील झिजून बाहेरची हवा आत शिरे, मिश्रण पातळ होई आणि पिस्टन जाम होई. पेट्रोलमध्ये तेल कमी घालणाऱ्यालाही तोच प्रसाद मिळे.

चालवण्याची सवयही तपासावी लागते. मुंब्रा बायपासच्या किंवा घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर वरच्या गिअरमध्ये रेटत नेले, तर इंजिनावर ओझे वाढते, फेरे घटतात आणि पंखाही मंदावतो. गिअर उतरवला की इंजिन ओरडते खरे, पण वाराही वाढतो.

टॅपेटचा आवाज एकाएकी बंद झाला तर खूश होऊ नये. टॅपेटची फट मिटल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. बीटलच्या नंतरच्या इंजिनांत ही फट इंजिन पूर्ण थंड असताना ०.१५ मिलिमीटर ठेवतात. सीएनजी हे कोरडे इंधन असल्याने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात आणि ही फट मिटत जाते. त्यामुळे आजच्या सीएनजीवरच्या फोर-स्ट्रोक रिक्षात ‘गरम होते’ ही तक्रार आली, की पंखा आणि आवरणापाठोपाठ टॅपेटची फट मोजून घेणे शहाणपणाचे.