विषाणूची अक्षरमाला आणि पुण्यांतील गणित

कळंबोलीच्या लोखंडबाजारांतून सळयांच्या मोळ्या बाहेर पडतात, तेव्हां प्रत्येक सळई सरळ असते. बांधकामावर ती वांकविली, कीं तिच्यावरील दूरदूरचे बिंदु शेजारीं येऊन बसतात. सळई तीच, परंतु तिचें काम आतां आकारावर अवलंबून असतें. याच कळंबोलीहून जो द्रुतगती मार्ग पुण्याकडे निघतो, त्या पुण्यांत विषाणूंच्या प्रथिनांविषयीं जवळजवळ हाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढें उभा राहिला होता.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. प्रत्येक आम्लास एक अक्षर दिलें, कीं सबंध प्रथिन एका लांबलचक शब्दाप्रमाणें लिहितां येतें. इंग्लंडांत फ्रेडरिक सँगर यांनीं इन्शुलिनची माळ प्रथम वाचली आणि १९५८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९६५ सालीं अमेरिकेंत मार्गारेट डेहॉफ व त्यांचे सहकारी यांनीं तोंवर ज्ञात झालेल्या माळांचा संग्रह ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. अक्षरें जमूं लागलीं. अर्थ लावण्याचें काम बाकी होतें.

पुण्यास विषाणु नवे नव्हते. तेथें १९५२ सालीं विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें व १९७८ सालीं तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखलें जाऊं लागलें. १९८७ सालीं पुणें विद्यापीठांत संगणकाच्या साह्यानें जीवशास्त्रीय माहितीचा अभ्यास करणारें केंद्रही निघालें.

रक्तांतील प्रतिपिंड सबंध प्रथिनाला कवटाळीत नाहीं. त्याचा एखादा लहानसा भागच तो ओळखतो. हा भाग कोणता हें कळलें, तर रोगनिदानास व लशीस दिशा मिळते. परंतु प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेंत तपासावयाचा म्हणजे महिनेच्या महिने खर्ची पडतात. १९९० सालीं पुणें विद्यापीठांतील अशोक कोळस्कर व प्रसाद टोणगांवकर यांनीं यावर एक सुटसुटीत गणित मांडलें. प्रयोगानें सिद्ध झालेल्या अशा भागांत कोणतें अमिनो आम्ल किती वेळां येतें, हें त्यांनीं मोजलें व प्रत्येक अक्षरास एक मूल्य दिलें. मग सात सात अक्षरांची सरासरी काढीत माळेवरून पुढें सरकावयाचें. जेथें सरासरी चढते, तेथें प्रतिपिंडाची पकड संभवते. सिस्टीन, ल्युसीन व व्हॅलीन हीं पाण्यापासून दूर राहणारीं आम्लें जर पृष्ठभागावर आलीं, तर तीं अशा भागांत अधिक आढळतात, असेंही त्यांना दिसून आलें. या रीतीचें अनुमान सुमारें ७५ टक्के अचूक ठरलें.

तरी ही सरळ सळईची मोजणी होती. पुष्कळ प्रतिपिंड घडी पडल्यावर शेजारीं आलेलीं, पण माळेंत दूर असलेलीं अक्षरें एकदम पकडतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणु डासांमार्फत पसरतो व मुख्यतः मुलांना ग्रासतो. त्याच्या बाह्य प्रथिनाची घडी तेव्हां ठाऊक नव्हती. मात्र गोचिडींमार्फत पसरणाऱ्या त्याच्या एका भाऊबंदाची घडी १९९५ सालीं क्ष-किरणांनीं उलगडली होती. तिच्या आधारें कोळस्कर व उर्मिला कुलकर्णी-काळे यांनीं १९९९ सालीं त्या प्रथिनाची त्रिमिति आकृति संगणकावर रचली आणि पकडीच्या जागा तींत दाखविल्या. २००५ सालीं असे घडीवर अवलंबून असलेले भाग शोधणारें साधन त्यांच्या गटानें इंटरनेटवर सर्वांस खुलें केलें.

२०२० सालीं करोनाची सांथ आली, तेव्हां त्या विषाणूच्या १,२७३ अक्षरांच्या काट्यावर १९९० सालचें पुण्याचें गणित देशोदेशींच्या संशोधकांनीं चालवून पाहिलें. पुढल्या वर्षाच्या आरंभीं महाराष्ट्रांतील नमुन्यांत त्या काट्यावरील ४५२ व्या जागीं ल्युसीनऐवजीं आर्जिनीन आढळलें. डेल्टा या नांवानें जगभर पसरलेल्या प्रकारांतही हा बदल होता. बदल कोठें झाला, हें संगणकानें तत्काळ दाखविलें. मात्र प्रतिपिंडांची पकड त्यानें किती सैल झाली, हें ठरविण्यासाठीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत जिवंत विषाणु वाढवून लस घेतलेल्यांच्या रक्तद्रवाशीं त्याची गांठ घालावी लागली. पकड सैल झाली होती, परंतु सुटली नव्हती. आणि हें उत्तर केवळ अक्षरें वाचून मिळण्यासारखें नव्हतें.