मत्स्यपिल्ले, शोभिवंत (संगोपन)
काचपेटीत जन्मलेल्या शोभिवंत माशांच्या पिलांना पहिले काही आठवडे जगवण्याची पद्धत. गप्पी, मॉली हे मासे पोहती पिल्लेच देतात. गप्पीची खेप साधारण चार आठवड्यांनी येते. पिल्ले चूर्ण खाद्य लगेच घेतात. त्यांचा खरा शत्रू भुकेली आईच, म्हणून पाणवनस्पती दाट हवी. डासअळ्या खाणारा गप्पी आरोग्य विभागामुळे महाराष्ट्रात गावोगावी पोहोचला आहे.

अंडी घालणाऱ्या गुरामी, फायटर यांचे काम नाजूक. अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात, पण पिलू पोटाखालच्या पीतक पिशवीवर जगते. ती संपून ते आडवे पोहू लागेपर्यंत खाद्य टाकणे म्हणजे पाणी नासवणे. नंतर आधी इन्फ्युझोरिया (पाण्यातील सूक्ष्मजीव), मग मिठाच्या पाण्यात सुमारे २८° से. तापमानाला दिवसभरात फुटणारी आर्टेमिया या बारीक कवचधारी जीवाची पिल्ले गाळून, धुऊन द्यावीत. हवेतून श्वास घेणारे अवयव तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास घडतात. तेव्हा वरची हवा गार होऊ नये म्हणून पेटी झाकलेली हवी.

रायगड जिल्ह्यातील कर्जत, खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने हिवाळी पहाट किनाऱ्यापेक्षा गार असते. त्यामुळे तेथे हीटर ही चैन नव्हे. पावसाळ्यात वीज गेली की स्पंज फिल्टर थांबतो. बॅटरीवरचा हवापंप जवळ असावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडू द्यावे आणि एका वेळी थोडेच पाणी बदलावे.

पिल्ले केवळ शोभेसाठीच वाढवतात असे नाही. खोपोलीच्या घाटमाथ्यावर, लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटा कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीर माशाची पिल्ले वाढवली. ती मात्र जलाशय-नद्यांत सोडण्यासाठी.