सतरा अंकांची एक संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या आज आपणांपुढें ठेवीत आहें. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती एकच. भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’मध्यें एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें सांगितलीं आहेत, त्यांतील सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानापर्यंत ती पोहोंचते. आचार्यांचा नातू चांगदेव हा आपल्या देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यानें स्थापिलेल्या मठाचा शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. तेव्हां अंकांचा नाद या मुलुखास नवा नाहीं.

नऊ एकांची संख्या घेऊन तिचा वर्ग करा. शाळेंतील रीतीनें गुणाकार मांडला असतां एकांच्या नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा एक, दोन, तीन अशा नवापर्यंत चढतात व पुन्हा उतरतात. हातचा कोठेंच येत नाहीं. दहा एक घेतले कीं मधल्या घरांत दहा येतात, हातचा पुढें जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असें मोडकें उत्तर हातीं येतें.

अशा वर्गांस देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं अद्भुत डेम्लो संख्या म्हटलें. डेम्लो हें रेल्वेस्टेशनाचें नांव. ही कल्पना त्यांस तेथें सुचली. आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाणारी ती ‘हर्षद’ संख्या, हें नामकरणहि त्यांचेंच. येथें बेरीज ८१ आहे, व ८१ नें भाग जातो. मूळ अवयव पाहिले तर ३ हा चार वेळां, ३७ दोन वेळां व ३३३६६७ दोन वेळां; म्हणून विभाजक ४५. विभाजक जोडीजोडीनें येतात, परंतु वर्गमूळाची जोडी त्याच्याशींच, म्हणून ही गणना विषम.

कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत शाळामास्तर होते, पदवी बी. एस्‌सी. पुरतीच. ६१७४ चा चमत्कार त्यांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणितपरिषदेंत सांगितला; जगांत त्याचा बोलबाला मात्र १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांच्या लेखानें झाला. मधल्या काळांत कित्येक विद्वानांनीं हा पोरखेळ मानला. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. विभाजक ४५ हा संख्येचा स्वतःचा धर्म. उलटसुलट सारखें वाचणें हा मात्र आपल्या दशमान लेखनाचा. लेखन बदललें कीं तो टिकेलच असें नाहीं.

परंतु माझ्या मतें हा आक्षेप अर्ध्यावर थांबतो. आठाचें लेखन घ्या, ज्यांत सातापुढें अंकच नाहीं. तेथें सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच चढतो व उतरतो. अंकांची बेरीज साताचा वर्ग, म्हणजे आपल्या भाषेंत ४९, आणि त्या ४९ नें ती संख्या निःशेष भागली जाते. बाराच्या लेखनांत अकरा एक घेऊन पाहावें. तेथेंहि हातचा येत नाहीं, आणि भाग जातो तो १२१ नें.