पाठीतल्या सुईआधी

परळला टाटा कर्करोग रुग्णालयाशेजारच्या जेरबाई वाडिया रस्त्यावर वळलं की फूटपाथवर पिशव्या, पथाऱ्या आणि मास्क लावलेली मुलं दिसतात. कुणी बिहारमधून आलेलं, कुणी बीडहून. धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत हाच पत्ता. गाठीचा, रक्ताचा इलाज समोरच्या इमारतीत होतो. या मुलांच्या मनाचं कोण बघतं, हा या पुस्तकाचा विषय.

वैद्यकाला हा प्रश्न उशिराच पडला. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, तेव्हा इंग्लंडात दाखल मुलाला आईबाप ठरलेल्या वेळीच भेटू शकत. तिथलेच मुलांच्या मनाचे अभ्यासक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस चित्रित केले. पुढे दाखल मुलांविषयीच्या तिथल्या १९५९च्या सरकारी प्लॅट अहवालाने आईला मुलाजवळ राहू द्या, असं सुचवलं. आपल्याकडे आईला खाटेशेजारून उठवायची कुणाची टाप आहे? पण तेवढ्यावर खूश होण्यात अर्थ नाही. आपली आई जवळ असते, आणि गप्प असते.

मुलाला काय कळतंय, असं म्हणून मोठी माणसं दाराआड बोलतात. मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी अमेरिकेत ल्युकेमियाच्या लहान मुलांबरोबर राहून १९७८मध्ये लिहिलं ते असं: मुलांना सगळं कळलेलं असतं, पण आईबापांना त्रास नको म्हणून तीही न कळल्याचं नाटक करतात. मला तर हे वाचताना आपलीच घरं आठवली.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. तेवढ्यात शाळा सुटते, केस जातात, मित्र पुढच्या वर्गात जातात. पाठीत सुई घ्यायची वेळ पुन्हापुन्हा येते. 'काही दुखणार नाही' हे वाक्य एकदाच चालतं. दुसऱ्या खेपेला मूल तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. 'दुखेल, पण थोडा वेळ. हात कुणाचा धरायचा ते तू सांग,' एवढं म्हटलं तर निदान एक गोष्ट त्याच्या हातात राहते. बाहुलीला सलाईन लावायचा खेळ हीसुद्धा मुलांच्या मानसशास्त्रातली गंभीर पद्धत आहे, हे नव्या वाचकाने हसण्याआधी ध्यानात घ्यावं.

राहायच्या जागेचाही मनाशी संबंध असतो. सेंट ज्यूडसारखी २००६ साली मुंबईत सुरू झालेली संस्था अशा कुटुंबांना राहायला जागा देते. तिथे सारखेच टक्कल पडलेले सोबती भेटतात. एखाद्या मुलाला समुपदेशकापेक्षा त्यांचाच आधार जास्त वाटतो, असं माझं मत आहे.

मानसशास्त्राची पदवी नसलेल्या शिक्षकांनी, काका-मावश्यांनी, स्वयंसेवकांनी हे पुस्तक खुशाल उघडावं. प्रकरणं क्रमाने वाचायची सक्ती नाही. वेळ कमीच असेल तर भावंडांवरचं प्रकरण आधी घ्या. गावी आजीजवळ राहिलेली धाकटी बहीण 'मी त्याला ढकललं म्हणून त्याला हे झालं' असं मनात धरून बसलेली असू शकते, आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं.