रमजान ते बकरी ईद : लहान मुलांसोबत घरच्या परंपरा आणि सोप्या हस्तकला

सहीह बुखारीत हजरत रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांची एक रिवायत आहे. आशुऱ्याच्या रोज्याच्या दिवशी मदीनेतल्या सहाबिया आपल्या लहान मुलांनाही रोजा ठेवायला लावत आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी बनवत. मूल भुकेने रडू लागलं की ते खेळणं त्याच्या हातात देत, म्हणजे इफ्तारपर्यंत वेळ निघून जाई. इबादत शिकवताना मुलाच्या हातात काहीतरी द्यायचं, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आज त्या जागी बहुतेक घरांत मोबाईल आला आहे. असरनंतर आई रोज्यात स्वयंपाकघरात गुंतलेली, अब्बू कामावर किंवा परदेशात, आणि पाच वर्षांचं मूल कोपऱ्यात कार्टून बघत बसलेलं. ईद येते, नवे कपडे होतात, शिरखुर्मा होतो, पण मुलाला ईदची आठवण म्हणून काय राहतं? शाळेत इतर सणांचे कंदील, राख्या, तोरणं करणाऱ्या आपल्या मुलाला स्वतःच्या सणाचंही हाताने करण्यासारखं काही असतं, हे घरातच कळायला हवं. त्यासाठी बाजारातून महाग सामान आणायची गरज नाही. तीन ते दहा वर्षांच्या मुलांसोबत करता येतील अशा गोष्टी इथे महिन्यांच्या क्रमाने दिल्या आहेत.

1. चाँदचा तक्ता (रमजानच्या आधी)

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहा चौकोनांच्या पाच ओळी आखा. एकूण 30 घरं होतील. शेवटचं, तिसावं घर तुटक रेषेने काढा. मूल विचारेलच, “हे असं का?” तेव्हा सांगा की इस्लामी महिना 29 किंवा 30 दिवसांचा असतो आणि ते चाँदवर ठरतं.

प्रत्येक घरात बाटलीच्या झाकणाने गोल काढून ठेवा. रोज रात्री मूल त्या गोलात चाँद जेवढा दिसला तेवढा पिवळा रंगवेल. पहिल्या दिवशीची कोर मगरिबनंतर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते. आपल्याकडून ती बऱ्याचदा आडव्या होडीसारखी दिसते. चौदाव्या-पंधराव्या रात्री पूर्ण गोल. शेवटच्या अशऱ्यात चाँद रात्री उशिरा उगवतो, म्हणून तो बघायचा तर सहेरीला उठावं लागतं आणि पूर्वेकडे बघावं लागतं. फक्त चाँदसाठी सहेरीला उठलेलं मूल घरच्यांसोबत दस्तरखानवरही बसतं.

मोठ्या मुलांना याच तक्त्यावरून हिजरी वर्ष समजावता येतं. ते 354 किंवा 355 दिवसांचं असतं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दादा-दादींना विचारायला लावा की त्यांच्या लहानपणी रमजान थंडीत होता की पावसाळ्यात.

2. खजुराच्या बियांची बरणी

इफ्तारनंतर एक बी धुऊन, उन्हात वाळवून बरणीत टाकायची. एक रोजा, एक बी. घरात जितक्यांचे रोजे तितक्या बरण्या, वर नावाची चिठ्ठी. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. अर्ध्या दिवसाच्या चिडी रोज्यासाठी अर्धी बी मिळत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी चिंचोके ठेवा. महिनाअखेर बिया दहा-दहाच्या ढिगात मोजल्या की पहिली-दुसरीच्या मुलाचं दशक-एकक आपोआप पक्कं होतं.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बरणी उंचावर ठेवा. बी किंवा चिंचोका घशात अडकू शकतो.

3. सदक्याचा गल्ला आणि फितऱ्याचं माप

पावडरच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा, बाहेरून रंगीत कागद चिकटवा. चिकटवायला मैद्याची खळ पुरते: एक चमचा मैदा अर्ध्या वाटी पाण्यात कालवून घट्ट होईपर्यंत शिजवायचा. रोज एक नाणं मुलाच्या हातानेच टाकायचं. रमजान संपताना डबा कुणाला द्यायचा हेही मुलाला विचारा.

फितरा मात्र या गल्ल्यातून द्यायचा नाही, तो वेगळा. ऐपत असलेल्या घरात लहान मुलांच्या वतीनेही वडील फितरा देतात आणि तो ईदच्या नमाजआधी पोहोचायला हवा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटेल. हनफी घरांत गव्हाचा हिशोब अर्धा साअ, म्हणजे उलेमांच्या वेगवेगळ्या मोजणीनुसार सुमारे 1.6 ते 2 किलो धरतात. कोकणातली बरीच घरं शाफई आहेत. तिथे मुख्य धान्याचा, म्हणजे बहुधा तांदळाचा, एक साअ देतात, तो साधारण अडीच ते तीन किलो होतो. नेमकं वजन आणि रक्कम आपल्या मशिदीतून जाहीर होते, तीच धरा.

बहुतेक घरांत अब्बू पैसे देऊन मोकळे होतात आणि मुलाला काही कळत नाही. एकदा तेवढे गहू किंवा तांदूळ मुलाकडून वाटीने मोजून पिशवीत भरून घ्या. “हे माझ्या नावाचं धान्य” असं म्हणत मुलाने ती पिशवी उचलली की फितरा म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

4. ईद कार्ड

मोबाईल येण्याआधी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात बाजारात ईद कार्डांच्या गाड्या लागत. चमकी लावलेली, गुलाबाची, मक्का-मदीनेच्या फोटोंची कार्डं पोस्टाने मामू-खालांकडे जात. आता एकच तयार चित्र सगळ्यांना फॉरवर्ड होतं. मुलाने केलेलं एक कार्ड नानीच्या कपाटात वर्षानुवर्षं राहतं.

साहित्य: कार्डशीट, कात्री, रंग, एक वाटी, दोन भेंड्या.

चाँद: वाटी उपडी ठेवून गोल काढा. मग वाटी थोडी बाजूला सरकवून पुन्हा गोल काढा. दोन गोलांमध्ये कडेला उरते ती कोर.

तारे: भेंडी आडवी कापली की बहुधा पाच कोनांचा तारा मिळतो. तो जाड कालवलेल्या रंगात बुडवून ठसे उमटवा. पातळ रंग पसरतो.

लिखाण: एका बाजूला मराठीत “ईद मुबारक”, दुसऱ्या बाजूला उर्दूत. उर्दूतल्या ईदला तीनच हर्फ लागतात: ऐन, ये, दाल. मुबारकला पाच: मीम, बे, अलिफ, रे, काफ. तुम्ही पेन्सिलीने ठिपके द्या, मूल जोडेल. उर्दू उजवीकडून लिहिली जाते, म्हणून उर्दू कार्डाची घडी उजव्या हाताला येते आणि मराठी कार्डाची डाव्या हाताला. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांना ही गंमत फार आवडते आणि घरची दुसरी भाषाही हाताखालून जाते.

दोन कार्डं जास्त करा: एक वर्गातल्या दोस्तासाठी, एक शेजारच्या काकूंसाठी. अब्बू सौदीत किंवा दुबईत असतील तर त्यांचं कार्ड रमजानच्या सुरुवातीलाच करून गावाकडून जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवा. व्हिडिओ कॉल संपून जातो, कार्ड अब्बूंच्या खोलीच्या भिंतीवर राहतं.

5. ईदीचे लिफाफे

22 सेंटीमीटर बाजूचा चौकोनी कागद घ्या. चारही कोपरे मध्यबिंदूपर्यंत दुमडा. तीन कोपरे चिकटवा, चौथा झाकण म्हणून मोकळा ठेवा. साडेपंधरा सेंटीमीटरचा लिफाफा होतो, नोट न दुमडता मावते. वर भेंडीचा ठसा मारा.

ईदीची चर्चा लहान मुलांत लगेच सुरू होते: “तुला किती मिळाले?” ज्याचे मामू-चाचू कमी, किंवा ज्याचे अब्बू हयात नाहीत, ते मूल तिथे गप्प बसतं. म्हणून खानदानात आधीच ठरवून घ्या की सगळ्या मुलांना सारखीच रक्कम आणि बंद लिफाफ्यात. दहा रुपये असले तरी चालतील. मुलाला तीन छोटे लिफाफे करायला लावा: खर्चाचा, बचतीचा आणि देण्याचा. ईदी त्यात कशी वाटायची ते त्याचं त्याला ठरवू द्या.

6. चाँदरात

चाँदरातीला घरात सगळ्यात जास्त काम असतं, तेव्हा मुलांना बाहेर हाकलण्याऐवजी त्यांच्या जोगतं काम द्या. भिजवलेल्या बदामाची सालं काढणं, चारोळी निवडणं, शेवया हाताने मोडणं हे पाच वर्षांचं मूल नीट करतं. खारका कापणं मोठ्यांनीच करावं.

मेहंदीसाठी मुलीचा हात कागदावर ठेवून बाहेरून पेन्सिल फिरवा आणि त्या कागदी हातावर आधी नक्षी काढू द्या. खरी मेहंदी पानांचीच वापरा. झटपट काळीकुट्ट रंगणाऱ्या मेहंदीत केस रंगवण्याचं रसायन मिसळलेलं असू शकतं, त्याने त्वचेवर फोड येतात आणि डागही राहतात.

7. दोन वाटांचा नकाशा (ईदचा दिवस)

ईदला गुस्ल करणं, असतील त्यातले चांगले कपडे घालणं, ईदुल फित्रच्या नमाजला निघण्याआधी विषम संख्येत खजूर खाणं, ईदगाहला एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतणं या सुन्नती मुलांना सांगून लक्षात राहत नाहीत, करून राहतात. आदल्या दिवशी घर ते ईदगाहचा नकाशा काढा. जायची वाट हिरवी, यायची निळी. वाटेतली दुकानं, शाळा, विहीर, झाड मुलालाच काढू द्या. ईदला नकाशा हातात घेऊन मूल पुढे चालेल आणि “आता इकडून!” असं सगळ्यांना सांगेल.

दुपारी पाहुणे येऊन गेल्यावर प्रेमचंदांची ‘ईदगाह’ कथा मुलांना वाचून दाखवा. तीन पैशांत खेळणं न घेता दादीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा घेणारा हामिद सात-आठ वर्षांच्या मुलांना बरोबर कळतो.

शेजाऱ्यांकडे शिरखुर्मा न्यायचं काम मुलांचंच. वाटी झाकायला त्यांनी रंगवलेला कापडाचा रुमाल द्या.

8. बकरी ईद

जिलहिज्जाच्या 9 तारखेच्या फजरपासून 13 तारखेच्या असरपर्यंत फर्ज नमाजनंतर तकबीर म्हणतात. एकूण 23 नमाजा होतात. 23 घरांची पट्टी करून भिंतीवर लावा. तकबीर झाली की मूल एक घर रंगवेल. मोठेही मग विसरत नाहीत.

काड्यापेटीच्या खोक्याला काळा कागद आणि वर सोनेरी पट्टी लावून काबा करता येतो. त्याभोवती बोट फिरवून सात फेरे मोजले की तवाफ समजतो. ज्या घरात कुर्बानी आहे तिथे गोश्ताचे हिस्से नातेवाईक, गरीब आणि घर असे करायची रीत आहे. पिशव्यांवर नावं लिहायचं काम मुलांना द्या आणि ज्यांच्याकडे कुर्बानी नाही त्यांची नावं यादीत सगळ्यात आधी येऊ द्या. बकऱ्याचा लळा लागलेलं मूल रडलं तर त्याची चेष्टा करू नका. जवळ घ्या, हजरत इब्राहीम (अलै.) आणि हजरत इस्माईल (अलै.) यांचा किस्सा त्याच्या वयाला झेपेल एवढाच सांगा.

काही काळजीच्या गोष्टी

- फाडून किंवा कचऱ्यात टाकल्या जाणाऱ्या वस्तूंवर अल्लाहचं नाव किंवा आयत लिहू नका. “ईद मुबारक” पुरेसं आहे.
- काही घरांत सजीवांची चित्रं काढत नाहीत. चाँद, तारे, मिनार, वेलबुट्टी, भौमितिक नक्षी यांत भरपूर काही करता येतं. पाहुण्या मुलांच्या घरची रीतही सांभाळा.
- कागदी कंदिलात मेणबत्ती ठेवू नका, सेलवरचा छोटा दिवा ठेवा. पाच वर्षांपर्यंत बोथट टोकाचीच कात्री द्या.
- रोज्यात थकवा असतो. वीस मिनिटं पुरे, आणि असरनंतर नको. जोहरनंतरची वेळ बरी.
- हे काम एकट्या अम्मीवर टाकू नका. तक्ता अब्बूंचा, बरणी दादीची, कार्ड आपाचं, अशी वाटणी करा.
- सगळं एकाच वर्षी करायला जाऊ नका. एकच गोष्ट निवडा आणि पुढच्या वर्षीही तीच करा. दुसऱ्या वर्षी मूल स्वतःहून “आपला तक्ता कधी आखायचा?” असं विचारतं, तेव्हा ती घरची परंपरा झालेली असते.

ईद झाल्यावर तक्ता, नकाशा आणि एक कार्ड मागे तारीख-साल टाकून एका फाईलमध्ये ठेवा. हिजरी आणि इंग्रजी दोन्ही सालं लिहा.

अल्लाह तआला आपल्या मुलांना दीन आणि दुनिया दोन्हींत कामयाब करो आणि प्रत्येक घरात ईदची खुशी नसीब करो. आमीन.