भाकरी आणि पंगत

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने निघालात की महाडच्या अलीकडे आठेक किलोमीटरवर दासगाव लागते. भरधाव जाणाऱ्या गाडीतून पाहणाऱ्याला हे गाव म्हणजे रस्त्याकडेची एक पाटी. पण एस.टी. आणि डांबरी रस्ते येण्याआधी हे बंदर होते. बाणकोटच्या तोंडातून भरतीच्या पाण्यावर पडाव आणि लाँची सावित्रीच्या खाडीने इथवर येत. मुंबईच्या गिरण्यांतले चाकरमानी गणपतीला, शिमग्याला इथेच उतरत आणि ट्रंका डोक्यावर घेऊन आपापल्या वाड्यांकडे चालू लागत. मी याच गावचा.

लहान मुलांची भूक आणि ती भागवण्यासाठी लोकांनी केलेले प्रयत्न, असा विषय मला बोलायला दिला आहे. मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा उष्मांक आणि प्रथिने यांच्यापेक्षा मला जे थोडेफार कळते त्या बाजूने, म्हणजे मागच्या बाजूने, या विषयाकडे जातो.

२५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने येऊन दासगावला उतरले आणि तिथून हजारो लोकांसह महाडपर्यंत चालत गेले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. माझ्या आजीने तो मेळा लांबून पाहिला होता. चवदार तळ्याची गोष्ट आपण पाण्याची गोष्ट म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात अन्नही पदोपदी आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तळ्यावर पाणी पिऊन परतलेले लोक मांडवात जेवत असताना जमाव चालून आला आणि शिजलेले अन्न मातीत तुडवले गेले. डिसेंबरच्या परिषदेला महाडचा बाजार शिधा देणार नाही, म्हणून धान्य बाहेरून आणून साठवावे लागले. आणि मार्चच्या भाषणात बाबासाहेबांनी जे सांगितले, ते थेट चुलीपर्यंत जाणारे होते. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारोदार मिळणारे उष्टे घेऊ नका.

वाक्य सोपे आहे. ते पाळायला काय लागले असेल, याचा मला पुष्कळ वर्षे विचारही शिवला नव्हता.

आमचे कुणब्याचे घर. रोज संध्याकाळी आजी उरलेली भाकरी आणि तोंडीलावणे मागल्या दारी एका करवंटीत काढून ठेवी. ती न्यायला एक मुलगा येई. तो माझ्याच वर्गात होता. शाळेत आम्ही बरोबर आट्यापाट्या खेळत असू, पण मागल्या दारी तो माझ्याकडे बघत नसे आणि मीही त्याच्याकडे बघत नसे. मग एके दिवशी तो यायचा थांबला. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झाले, त्यानंतरच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. मी आजीला विचारले. ती म्हणाली, "आता नाय यायचा तो. त्यांनी सोडलंय." करवंटी काही दिवस तिथेच होती, मग कोंबड्यांना गेली.

कोकणातला पावसाळा ज्याने घरात राहून काढला आहे, त्याला आषाढ-श्रावण म्हणजे काय ते सांगायला नको. कणगी तळाला गेलेली, नवे भात अजून पोटरीला यायचे, खाडीला उधाण, आणि मुंबईची मनीऑर्डर पुराने अडलेली. नाचणीची भाकरी आधी पातळ होई, मग तिची पेज होई. जवळा, सुकट ज्यांनी उन्हाळ्यात भरून ठेवली त्यांचे निभे. बाकीच्यांनी टाकळा, कुर्डू, फोडशी खुडून आणायची. शहरात आता या रानभाज्यांचे महोत्सव भरतात. चांगलेच आहे. पण आमच्या लहानपणी टाकळ्याची भाजी तीनदा पानात आली की घरातली पुरुष माणसे गप्प होत. याच दिवसांत मुलांना जुलाब लागत. आणि जुलाब लागले की पोर उपाशी ठेवायचे, अशी घरोघरी समजूत.

पुढे शाळेत परदेशी मदतीची दूध पावडर आली. पातेल्यात कालवून ती पेल्यांत वाढत. मी ज्या शाळेत होतो तिथे काही मुलांना ते दूध जरा उंचावरून ओतले जाई. सरकारी कागदावर आम्ही सगळे सारखेच लाभार्थी होतो. माझा तो वर्गमित्र दूध घ्यायला रांगेत उभाच राहत नसे. मास्तर त्याला हट्टी म्हणत.

आपल्याकडे या कामाचा इतिहास सांगताना बहुधा योजनांची यादी वाचली जाते. मला त्यात दोन ठिकाणी थांबावेसे वाटते.

पहिले ठिकाण आमच्यासारखेच समुद्राकाठचे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामबालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा बाईंनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. भुकेले आणि खरजेने बेजार मूल गाणे म्हणत नाही, म्हणून आंघोळ आणि खाऊ हेही शिक्षणातच धरले गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. त्यांत आपल्याकडचे मेळघाटातले धारणी होते. तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते हेच. आज कुठल्याही राज्यात हा मराठी शब्द कळतो, पण तो कुणाच्या अंगणातून निघाला ते फारसे कुणाला आठवत नाही.

दुसरे ठिकाण मी जवळून पाहिले. १९७२ साली नोकरीसाठी मी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गेलो. कोकणातला माणूस, पाऊस नाही म्हणजे काय हे मला तिथे कळले. सलग तिसऱ्या वर्षी आभाळ कोरडे होते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बायांची पोरे फडक्याच्या सावलीत, हातात सुकडीचा तुकडा.

त्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० पासून काम करत होते. गावांनी त्यांना सांगितले, औषधाचे नंतर बघू, आधी खायला आणि प्यायला पाहिजे. शिकलेल्या डॉक्टरांनी ते ऐकले, हेच मला विशेष वाटते. गावोगाव लहान मुलांसाठी सामूहिक चूल सुरू झाली. धान्य मदतीचे, रांधणे गावाचे. पाण्यासाठी बोअर घ्यायचे, तेव्हा जागा दलित वस्तीत निवडल्या गेल्या. पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे यायचे. चवदार तळ्यानंतर पन्नास वर्षांच्या आत ही युक्ती कुणाला सुचली, याचे मला आजही कौतुक आहे. तिथे भाषण झाले नाही, मोर्चा निघाला नाही. हापसा फक्त त्या बाजूला बसवला.

आधी शिकलेल्या परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. जमले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळ जणी दलित, काही टाकलेल्या. त्या आठवड्यातून जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. शिकवायचे तरी काय? बाळंतिणीचा पहिला चीक फेकू नये, बाळाला पाजावा. सहा महिने झाले की मऊ भात, डाळ, वर थोडे तेल. पोरांचे पोट लहान असते, म्हणून दोन वेळा पोटभर वाढण्यापेक्षा पाच वेळा थोडे. जुलाबात उपाशी ठेवू नये, साखरमिठाचे पाणी द्यावे. माझ्या आजीला हे कुणी सांगितले असते तर माझी एक धाकटी बहीण आज असती, असे मला वाटते. १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजारातली १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांत तो आकडा ५२ वर आला. नव्या औषधाने नव्हे. हे सांगणारी बाई शेजारच्या गल्लीतली होती आणि तिच्या हातचे पाणी आता गाव पीत होते, म्हणून तिचे ऐकलेही जात होते.

यापुढचा इतिहास कोर्टाचा आहे, तो थोडक्यात सांगतो. २००१ साली सरकारी कोठारे भरलेली आणि माणसे उपाशी, यावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत कोरडे धान्य वाटण्याऐवजी शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. आपली खिचडी आली ती त्यामुळे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २० एप्रिल २००४ चा आदेश. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदारांना बाजूला करून महिला मंडळे आणि बचत गटांना काम द्या, असेही सांगितले. ते आपल्या राज्याने किती मनापासून ऐकले? २०१६ ची पोषण आहाराची निविदा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली, यावरून अंदाज यावा. शाळेत २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे मिळू लागले होते. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचे पैसे थांबवले आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितले. लोकसहभाग हा शब्द मला प्रिय आहे, पण तिजोरीने हात वर केल्यावर तो वापरू नये.

२५ आणि २६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात डोंगर खाली आला. जुई, कोंडिवते, रोहन आणि आमचे दासगाव. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात एकाच मोठ्या टोपात खिचडी शिजत होती आणि कोण ढवळतेय हे कुणी विचारले नाही, एवढे सांगतो. पुढे पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या आणि चुली पुन्हा वेगळ्या झाल्या.

आज आमच्या भागात सर्वांत जास्त चिंता वाटावी ती कातकऱ्यांच्या मुलांची. दिवाळी झाली की घराला कडी लावून आई-बाप वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात. मूल बरोबर जाते, त्याचे नाव मात्र इथल्या अंगणवाडीच्या वहीत राहते. पावसाच्या तोंडाला ते परत येते तेव्हा सेविका वजन करते आणि काटा मागच्या वर्षीच्याही खाली असतो. त्यातच पुन्हा आषाढ.

माझा तो वर्गमित्र मुंबईत गोदीत नोकरी करून निवृत्त झाला आणि गावी येऊन राहिला. त्याची सून अंगणवाडीत मदतनीस झाली. माझा नातू तिच्या हातची उसळ खाऊन वाढला. हे भाषण लिहायला घेतले तेव्हा मी त्याच्याकडे गेलो आणि इतक्या वर्षांनी ती करवंटीची गोष्ट काढली. तू यायचा थांबलास, त्या दिवशी घरी काय झाले होते, विचारले. तो जरा वेळ खाडीकडे बघत राहिला.

"काय होणार? आई म्हणाली, आजपासून जायचं नाही. बाबांनी पण सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं," तो म्हणाला. "मग आम्ही झोपलो. धाकटी रडत होती, तिला आईने नुसतं मिठाचं पाणी गरम करून दिलं. भात यायला अजून दोन महिने होते."