सदाकोचा पूर्वेतिहास

हिदेओ नाकाता यांच्या १९९८ च्या ‘रिंगू’ या चित्रपटात सदाको यामामुरा दूरचित्रवाणीच्या पडद्यातून सरपटत बाहेर येते, तेव्हा तिचा चेहरा केसांआड असतो. प्रेक्षकाला दिसतो तो केवळ एक डोळा. कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या मूळ कादंबरीत हे दृश्य नाही. भयाची ही प्रतिमा चित्रपटाने घडविली आणि ती सदाकोची वाणी काढून घेऊनच घडविली, हे तिच्या पूर्वायुष्यावरील मांगांचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, विचार करताना ध्यानात घ्यावयास हवे.

यांपैकी महत्त्वाची चित्रकथा मेइमू यांची ‘बर्थडे’. तिला आधार आहे तो सुझुकींच्या १९९९ मधील त्याच नावाच्या कथासंग्रहाचा. त्यातील ‘लेमन हार्ट’ या कथेत सदाको एका नाटकमंडळीत उमेदवारी करणारी तरुणी आहे. परंतु तिची कथा उलगडते ती तोयामा या ध्वनितंत्रज्ञाच्या, चोवीस वर्षांनंतरच्या स्मरणातून. खलपात्राला भूतकाळ मिळतो, निवेदनाचा अधिकार मात्र मिळत नाही.

ही रचना केवळ कथनतंत्राची बाब मानता येत नाही. सदाकोच्या आईच्या व्यक्तिरेखेमागे चिझुको मिफुने (१८८६–१९११) ही अतींद्रिय दृष्टीचा दावा करणारी स्त्री आहे. टोकियो येथील मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी तिच्यावर प्रयोग केले. १९१० मधील जाहीर चाचणीनंतर तिच्याविषयी संशय व्यक्त झाला. पुढच्याच जानेवारीत तिने विष घेतले. फुकुराईंच्या १९१३ च्या ग्रंथात सदाको ताकाहाशी या दुसऱ्या स्त्रीवरील प्रयोगही आहेत. या ग्रंथानंतर त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. चिझुकोचा दावा खरा होता असे मानण्याचे कारण नाही; पण प्रश्न तो नव्हे. तिचे आयुष्य उरले ते प्रयोगकर्त्याच्या टिपणांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत. तोयामाची आठवण त्याच परंपरेतली ठरते.

मांगाच्या माध्यमाची अडचण येथे उपकारक ठरते. पूर्वायुष्य सांगायचे तर चौकटीत सदाकोला चेहरा द्यावाच लागतो, आणि चेहरा दिला की निवेदकाने न सांगितलेलेही वाचकाला दिसू लागते. भय उणावते हे खरे. (‘रिंगू’च्या चाहत्यांना ते रुचले नसेल, तर नवल नाही.) मात्र ज्या भयाची किंमत पात्राचे मौन होती, ते उणावल्याची खंत समीक्षेने का बाळगावी?

नात्सुमी कोमा यांच्या अलीकडच्या चित्रकथेत जग ओसाड झालेले आहे. दोन लहान मुली जुनी चित्रफीत लावतात आणि बाहेर आलेल्या सदाकोला सोबत घेऊन चालू लागतात. तिचा भूतकाळ तेथे कोणी विचारीत नाही.